प्लॅस्टिक कळकत नाही

'कळकणे' हे क्रियापद आता बोलण्यातून जवळजवळ गेलंच आहे. परवा माझ्या मुलीला विचारलं, तिने कधी ऐकलंच नव्हतं. ताक, चिंचेचं सार, आंबट वरण असं काही बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात राहिलं, की त्यावर हिरवट झाक येते, तोंडाला धातूची चव येते आणि खाल्लं तर मळमळतं. त्याला कळकणं म्हणायचे. भांड्यातलं काहीतरी जेवणात उतरलं, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात आहे.

माझ्या दादांचं पोट याच शब्दावर चालायचं. (आमच्यात वडिलांच्या वडिलांना दादा म्हणतात. मराठी शाळेत मी 'दादा वारले' असं सांगितलं तेव्हा बाईंना वाटलं, माझा मोठा भाऊ गेला.) दादा कल्हईवाले होते. नगर जिल्ह्यातली पंधरा-वीस गावं त्यांनी वाटून घेतलेली. मातीत खड्डा करून भट्टी लावायची, भाता मारायचा, भांडं लाल होत आलं की आत नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने कथील आतून फिरवायचं. काळंकुट्ट पातेलं दोन मिनिटांत चांदीसारखं व्हायचं. मग पाण्यात चर्र. आम्हा पोरांना तो चर्र आवाज फार आवडायचा.

शिसं मिसळलेलं कथील स्वस्त पडायचं आणि कल्हई तेवढीच चमकायची. गिऱ्हाइकाला फरक कळत नसे. शिसं पोटात गेलं तर काय होतं हे आज आपल्याला माहीत आहे. दादा तसलं कथील कधी घेत नसत, असं अब्बा सांगतात. खरं असेलही. आपल्या बापाबद्दल वाईट कोण सांगतो.

एक गोष्ट मात्र दादा आणि त्यांचं गिऱ्हाईक दोघंही धरून चालायचे. कल्हई झिजते. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा करावी लागते. भांडं आणि जेवण यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्यावर नजर ठेवावी लागते, हे घराघरातल्या बाईला ठाऊक होतं.

मग आधी जर्मनची भांडी आली, मग स्टील आलं आणि कल्हईचा धंदा बसला. अब्बांनी भाता विकला आणि बाजारपेठेत प्लॅस्टिकच्या वस्तूंचं दुकान टाकलं. बादल्या, टब, डबे, पाण्याच्या बाटल्या. नव्वदच्या दशकात मी शाळा सुटल्यावर तिथे बसायचो. लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांना मागणी होती. एक स्वस्तातली, जरा धुरकट दिसणारी. दुसरी महाग, अगदी काचेसारखी आरपार आणि दगडासारखी टणक. ती विकायची आमची एक पद्धत होती. अब्बा ती बाटली उचलून सरळ फरशीवर आपटायचे. फुटायची नाही. बाई बघत राहायची.

बाजाराच्या दिवशी एखादी विचारायची, "उकळत्या पाण्यात टाकली तर चालंल ना रं?"

"चालंल की मावशी. यात काही कळकत नाही."

हे वाक्य माझं नव्हतं. अब्बांचं होतं, आणि कल्हईवाल्याच्या मुलाच्या तोंडी ते शोभायचं. पण म्हणायचो मीही, किती वेळा ते आता मोजता येणार नाही.

२०१० साली मला मुलगी झाली. बायकोला दूध कमी पडत होतं, म्हणून बाटली लागली, आणि ती अर्थातच आपल्याच दुकानातली, महागातली, काचेसारखी. दिवसातून तीन वेळा मी ती स्वतः उकळत होतो. पोरगी सव्वा वर्षाची असेल तेव्हा वर्तमानपत्रात एक छोटी बातमी वाचली, की युरोपात पॉलीकार्बोनेटच्या दुधाच्या बाटल्यांवर बंदी आली आहे. त्यातून बिस्फेनॉल ए नावाचं रसायन दुधात उतरतं म्हणून. मी बाटली उलटी करून पाहिली. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. घाऊक व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "पॉलीकार्बोनेटच आहे शेठ, एक नंबर माल."

तेव्हापासून या रसायनाचा इतिहास मी जमेल तसा वाचत आलो आहे. वाचताना सगळ्यात जास्त धक्का बसला तो तारखांचा.

बिस्फेनॉल ए पहिल्यांदा बनवलं ते अलेक्सांद्र दियानिन या रशियन रसायनशास्त्रज्ञाने, १८९१ साली. फिनॉलचे दोन रेणू आणि ॲसिटोनचा एक. त्या ॲसिटोनवरूनच नावातला 'ए' आला. त्याचा काही उपयोग तेव्हा कुणाला सुचला नाही. पुढे १९३०च्या दशकात लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये चार्ल्स डॉड्स नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ एका वेगळ्याच शोधात होते. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक तेव्हा औषध म्हणून फार महाग पडायचं. तेच काम करणारं एखादं स्वस्त, कारखान्यात बनणारं रसायन सापडतं का, ते डॉड्स पाहत होते. अंडाशय काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांना ते एकेक रसायन टोचायचे आणि माजाची लक्षणं दिसतात का बघायचे. त्या यादीत बिस्फेनॉल एही होतं, आणि लक्षणं दिसली. १९३६ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी विल्फ्रिड लॉसन यांनी हे 'नेचर'मध्ये छापलं.

म्हणजे हा पदार्थ शरीरात संप्रेरकाची नक्कल करतो, ही गोष्ट तो प्लॅस्टिकमध्ये जाण्याआधीच जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आली होती.

डॉड्सनी तो बाजूला टाकला, कारण त्याचा जोर कमी होता. १९३८ साली त्यांच्या हाती कितीतरी जोरकस रसायन लागलं, डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल. त्याला डीईएस म्हणतात. त्याचं पेटंट घेतलं गेलं नाही, त्यामुळे कुणीही बनवायला मोकळा होता. गर्भपात होऊ नये म्हणून लाखो गरोदर बायकांना, मुख्यतः अमेरिकेत, ते देण्यात आलं. १९५३ साली शिकागोतल्या एका मोठ्या चाचणीत त्याचा काहीही उपयोग होत नाही असं दिसलं, तरी डॉक्टर देत राहिले. १९७१ साली बोस्टनच्या आर्थर हर्बस्ट आणि सहकाऱ्यांनी योनीमार्गाच्या एका अत्यंत दुर्मीळ कर्करोगाच्या आठ तरुण मुलींची माहिती छापली. पंधरा ते बावीस वर्षांच्या मुली. त्यांतल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणात डीईएस घेतलं होतं. गोळी आईने घेतली, आईला काही झालं नाही, आणि वीस वर्षांनी मुलीला झालं. संप्रेरकाची चूक कधी आणि कुठे दिसू शकते हे वैद्यकाने तिथे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे पाहिलं.

डीईएस हे प्लॅस्टिक नव्हे, आणि बिस्फेनॉल एपेक्षा ते फार ताकदीचं, हे लक्षात ठेवायला हवं. पण दोघंही एकाच प्रयोगशाळेतल्या, एकाच शोधातल्या यादीवरचे. एकाचं औषध झालं आणि शेवटी बदनाम झालं. दुसऱ्याला औषधाच्या कपाटातून काढलं आणि तो हार्डवेअरच्या दुकानात गेला.

१९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हेरमान श्नेल यांनी बिस्फेनॉल एचे रेणू साखळीसारखे जोडून पॉलीकार्बोनेट बनवलं. पाठोपाठ अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनीही. काचेसारखं आरपार, उकळत्या पाण्यात टिकणारं, आपटलं तरी न फुटणारं. त्याच सुमारास बिस्फेनॉल एपासून बनणारं इपॉक्सी हे राळेसारखं द्रव्य पत्र्याच्या डब्यांना आतून लावायला सुरुवात झाली, म्हणजे टोमॅटो, मासे, शीतपेयं पत्र्याला लागू नयेत. हे वाचताना मला हसू आलं. ही कल्हईच की! फरक एवढाच, की ती दिसत नाही, आणि ती आहे हे घरातल्या बाईला कुणी सांगितलेलं नाही.

मधली तीसेक वर्षं कुणी फारसं बघितलं नाही. प्लॅस्टिक हा निर्जीव, शांत पदार्थ आहे, त्यातून काही निघत नाही, असं वैज्ञानिकही समजत होते. इतके, की काचेची भांडी टाकून त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळा प्लॅस्टिकने भरल्या. आणि पुढचे बहुतेक शोध तिथेच, प्रयोग बिघडल्यामुळे लागले. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोतो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवत होते. त्या पेशी इस्ट्रोजेन मिळालं तरच भराभर वाढतात. १९८०च्या दशकाच्या शेवटी एकदा इस्ट्रोजेन न घालताही सगळ्या थाळ्यांमधल्या पेशी वाढायला लागल्या. महिनोनमहिने त्यांनी चूक शोधली. कुणी चुकून काही सांडलं का, इथपर्यंत संशय गेला. शेवटी चोर सापडला तो प्लॅस्टिकच्या नळ्यांत. कंपनीने नळ्यांचं मिश्रण बदललं होतं. नवीन काय घातलं ते विचारलं तर उत्तर मिळालं, ते धंद्याचं गुपित आहे. त्यांनी स्वतःच रसायन वेगळं काढलं. ते होतं नोनिलफिनॉल. १९९१ साली त्यांनी ते छापलं.

दोन वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची पाळी आली. तिथे अरुणा कृष्णन, डेव्हिड फेल्डमन आणि मंडळी यीस्ट, म्हणजे पाव फुगवायचं किण्व, स्वतः इस्ट्रोजेन बनवतं का ते पाहत होते. इस्ट्रोजेनसारखं काहीतरी सापडलं, आनंदीआनंद झाला. मग लक्षात आलं, यीस्ट न घालता नुसतं पाणी ठेवलं तरी ते सापडतं. पाणी ज्या पॉलीकार्बोनेटच्या चंबूत घालून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या मोठ्या कुकरमध्ये, तापवलं होतं, त्यातून बिस्फेनॉल ए पाण्यात उतरत होतं. काचेच्या चंबूत तसं होत नव्हतं. १९९३ साली हे छापून आलं. डॉड्सनी उंदरांना टोचून पाहिलेला पदार्थ सत्तावन्न वर्षांनी नुसत्या गरम पाण्यात सापडला.

अमेरिकेतल्याच क्लीव्हलँडला पॅट्रिशिया हंट उंदरांच्या माद्यांच्या स्त्रीबीजांवर काम करायच्या. स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकली तर गर्भ टिकत नाही किंवा अपत्यात दोष येतो. निरोगी माद्यांमध्ये अशी चुकलेली बीजं शंभरात एक-दोन असतात. १९९८च्या ऑगस्टमध्ये ती अचानक चाळीसवर गेली. शोधता शोधता कळलं, की पिंजरे धुणाऱ्या कामगाराने चुकून फरशी पुसायचं तीव्र, खारट साबणद्रव्य वापरलं होतं. पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या पॉलीकार्बोनेटच्या. पृष्ठभाग खराब होऊन त्यातून बिस्फेनॉल ए सुटत होतं. हंट यांनी मग वेगळ्या माद्यांना मुद्दाम तेवढं बिस्फेनॉल ए देऊन पाहिलं आणि तसाच परिणाम दिसला. हे सगळं पडताळून छापायला २००३ साल उजाडलं.

तांबं-पितळ आंबटाने कळकतं. पॉलीकार्बोनेट खाराने आणि उष्णतेने. त्याच्या साखळीतले जोड उकळतं पाणी आणि सोड्याचा साबण यांनी सुटतात. २००८ साली सिनसिनाटी विद्यापीठात स्कॉट बेल्चर यांनी नव्या आणि जुन्या बाटल्या घेऊन मोजलं. बाटली नवी की जुनी याने फार फरक पडत नव्हता. पण उकळतं पाणी ओतलं की बिस्फेनॉल ए सुटण्याचा वेग १५ ते ५५ पट वाढत होता.

उकळत्या पाण्यात टाकली तर चालंल ना रं?

आता शरीराचं. अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २००३-०४ मध्ये सहा वर्षांवरच्या अडीच हजारांहून अधिक लोकांची लघवी तपासली, त्यात जवळजवळ ९३ टक्क्यांमध्ये बिस्फेनॉल ए होतं. हे रसायन अंगात साठून राहत नाही, काही तासांत निघून जातं. तरीही इतक्यांमध्ये सापडतं, म्हणजे आपण ते रोज नव्याने घेत असतो. हार्वर्डच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक आठवडा पॉलीकार्बोनेटच्या बाटलीतून थंड पेयं प्यायली, तर त्यांच्या लघवीतलं प्रमाण दोन-तृतीयांशाने वाढलं.

त्याने नुकसान काय होतं, हा प्रश्न मात्र अजून भांडणाचा आहे आणि मी तो सोपा करून सांगणार नाही. प्राण्यांमध्ये बीजांड, प्रोस्टेट ग्रंथी, स्तनाच्या ग्रंथी यांवर परिणाम दिसले आहेत, विशेषतः गर्भात असताना मिळालं तर. माणसांमध्ये लघवीतलं प्रमाण जास्त असणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले. पण सोबत आढळणं म्हणजे त्यामुळेच होणं नव्हे. डब्यातलं अन्न जास्त खाणारा माणूस इतर गोष्टीही तशाच खात असतो. अमेरिकेचं औषध-अन्न प्रशासन, सध्याच्या प्रमाणात धोका नाही असं म्हणत आलं आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली, रोगप्रतिकारशक्तीवरचे परिणाम पाहून, रोज किती चालेल ही मर्यादा २०१५ सालच्या तिच्याच आकड्यापेक्षा २०,००० पट खाली आणली. वीस हजार. त्यावर जर्मनीच्या सरकारी संस्थेनेच हरकत घेतली. २०२४च्या डिसेंबरात युरोपने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमधून बिस्फेनॉल एवर बंदी घातली. आपल्याकडे २०१५च्या भारतीय मानकाने दुधाच्या बाटलीतून ते बाहेर काढलं. म्हणजे माझी मुलगी पाच वर्षांची झाल्यावर.

आणि बाहेर काढून आत काय आणलं? बऱ्याच ठिकाणी बिस्फेनॉल एस. दुकानाच्या गुळगुळीत छापील पावत्यांमध्येही तेच आलं. डब्यावर 'बीपीए-फ्री' असं ठसठशीत लिहायचं आणि सख्ख्या भावाला आत बसवायचं. २०१८ साली पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत पुन्हा उंदरांच्या आकड्यांत गडबड दिसली. या वेळी पिंजरे पॉलीकार्बोनेटच्या जागी आणलेल्या दुसऱ्या प्लॅस्टिकचे होते, ते खराब झाले होते, आणि त्यातून बदली बिस्फेनॉल सुटत होतं. वीस वर्षांनी त्याच बाईंना तोच अपघात.

सगळं प्लॅस्टिक एकसारखं नसतं, हेही सांगायला हवं. ती स्वस्तातली धुरकट बाटली पॉलीप्रॉपिलीनची होती, तिच्यात बिस्फेनॉल नसतंच. म्हणजे ज्या बायकांनी पैसे नाहीत म्हणून धुरकट बाटली नेली, त्यांच्या मुलांना निदान हे तरी मिळालं नाही. महाग माल आम्ही ऐपतदारांना आणि स्वतःच्या लेकीला दिला.

मुलगी ठीक आहे. यंदा दहावी झाली. तिला काही होईल की नाही, झालं तर त्याने झालं की आणखी कशाने, हे कुणीही डॉक्टर सांगू शकणार नाही. मी विचारून पाहिलं आहे.

अब्बांना हा इतिहास मी तुकड्या-तुकड्याने सांगितला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, दुकान भावाकडे आहे. सगळं ऐकून म्हणाले, "तेव्हा कुणी सांगितलं होतं का?"

"एकोणीसशे छत्तीस साली छापून आलं होतं, अब्बा."

"कुठं?"

"लंडनला."

"मग एक प्रत दुकानावर टाकायची होती," ते म्हणाले आणि नमाजला उठले. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून विचारलं, "त्या मावशा... सगळ्यांना मी उकळा म्हणून सांगितलं ना?" मी म्हणालो, जंतूंसाठी उकळणं बरोबरच होतं. आणि ते बरोबरच होतं. न उकळलेल्या बाटलीने जुलाब होऊन मूल दगावतं, ती भीती खरी होती. अब्बांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं असं मला वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात चुलतभावाच्या घरी लग्न होतं. बिर्याणीच्या देगा अजून तांब्याच्याच लागतात, आणि बावर्ची बिनकल्हईच्या देगेला हात लावत नाही. आदल्या दिवशी मालेगावकडून एक म्हातारा कल्हईवाला आला. अंगणात खड्डा, भट्टी, नवसागराचा धूर. भाता आता विजेच्या पंख्याचा. अब्बांनी खुर्ची मागवून शेजारी बसून घेतलं आणि कथलाची कांडी मागून घेऊन वाकवून कानाशी धरली. शुद्ध कथील वाकवलं की आतून करकरतं. त्यांनी ते ऐकलं आणि कांडी परत दिली.

मंडपाच्या मागच्या बाजूला पाहुण्यांच्या पाण्याचे वीस लिटरचे निळे जार रांगेने मांडले होते, पन्नासेक तरी, दुपारच्या उन्हात. मी एक रिकामा जार आडवा करून बुडाशी पाहिलं. त्रिकोणात ७ लिहिलं होतं. सातात बरीच प्लॅस्टिकं येतात, पॉलीकार्बोनेटही त्यातलंच. भावाला म्हटलं, निदान सावलीत तरी लावू. आम्ही दोघांनी मिळून निम्मे हलवले, तेवढ्यात वरात आली.